कुंपणापलीकडचा अनंत

"काय गं बाई, कुनाला पुरतीयास एवढ्या उन्हाचं?"

कुंपणापलीकडून आक्कांचा आवाज आला तेव्हा माझे हात कोपरापर्यंत मातीत होते. वैशाखातली दुपार, साडेबारा वाजून गेलेले. पुढ्यात रंगाचा वीस लिटरचा रिकामा डबा आणि त्याच्या मधोमध उभा केलेला अनंत. आदल्या संध्याकाळी हायवेच्या कडेच्या एका नर्सरीतून आणलेला. त्याला अकरा कळ्या होत्या. मोजूनच घेतला होता.

"पुरत नाहीये हो आक्का. मोठ्या घरात हलवतेय त्याला."

"मोठं घर? रांगतं पोर त्ये, आन तू त्याला वाडा दिलास," असं म्हणून आक्का वाळत घातलेल्या कुरडया उलटायला लागल्या. आक्का एवढंच बोलून थांबल्या की समजावं, बाकीचं आठ दिवसांनी व्याजासकट येणार.

आमचं कापूरहोळ म्हणजे पुणे-सातारा रस्त्यावरचा तो फाटा. पुण्याहून येताना उजवीकडे भोर, डावीकडे नारायणपूर-सासवड. गाव फारसं कुणी बघितलेलं नसतं, फाटा सगळ्यांनी बघितलेला असतो. रविवारी केतकावळ्याच्या बालाजीला निघालेल्या गाड्या चौकात तुंबल्या की चहावाल्याची दिवाळी. हे निवृत्त झाल्यावर आम्ही इथं राहायला आलो. पुण्यात बाल्कनीत माझ्या सोळा कुंड्या होत्या, त्यामुळे बागकाम आपल्याला येतं अशी माझी समजूत होती. शेजारच्या आक्कांचं माहेर वेल्ह्याकडचं. तालुक्याचं नाव आता कागदोपत्री राजगड झालंय, आक्कांच्या तोंडी ते वेल्हंच. नवव्या-दहाव्या वर्षापासून भाताची लावणी केलेली बाई. पन्नास पावसाळे, वाकून. संध्याकाळच्या मालिकेचा अर्धा तास सोडला तर दिवसभर कुंपणाशी हजर.

हे कुंपणही सांगण्यासारखं आहे. आक्कांच्या थोरल्याने कधीतरी पावसाच्या तोंडावर गिरिपुष्पाच्या मनगटाएवढ्या काठ्या तोडल्या आणि ओळीने जमिनीत ठोकल्या. मूळ नाही, पान नाही, नुसतं लाकूड. महिन्याभरात सगळ्या काठ्या फुटल्या. आता दरवर्षी छाटावं लागतं, आणि तो पाला आक्का माहेरी पाठवतात, भातखाचरात चिखलात तुडवायला. चारसूत्री भातलागवडीत हेच सांगतात. तर बिनमुळाच्या काठ्यांचं इथं रान झालं, आणि त्याच कुंपणाला टेकून मी मुळांसकट आणलेला, पैसे देऊन घेतलेला अनंत आठ दिवसांत मारायला निघाले होते.

तिसऱ्या दिवशी त्याने मान टाकली. शेंडे लोंबले, पानांचा तो तेलकट तजेला गेला. मी काय करणार? पाणी घातलं. सकाळी घातलं, दुपारी ऊन फार म्हणून घातलं, संध्याकाळी जीव राहवेना म्हणून घातलं. पाचव्या दिवशी वाटलं अशक्तपणा असेल. आक्कांच्या थोरल्याकडून मूठभर डीएपी आणलं आणि बुंध्याशी टाकलं. सातव्या दिवशी पानांच्या कडा करपल्या आणि कळ्या एकेक करून गळायला लागल्या. सकाळी झाडायला गेले की दोन कळ्या खाली, हिरव्याच्या हिरव्या.

आठव्या दिवशी आक्का कुंपणाच्या फटीतून आत आल्या. डब्यात बोट घातलं, दुसऱ्या पेरापर्यंत. बोट नाकाशी नेलं आणि माझ्याकडे धरलं.

"वास घे."

मोरी तुंबल्यावर येतो तसला वास.

"ह्ये तहानलेलं न्हाई बाई. ह्ये बुडालंय."

"पण पानं सुकल्यासारखी दिसतात की!"

"बुडालेला मानूस काय हसत वर येतो व्हय?"

तिथेच डबा आडवा केला. आक्कांनी बुंध्याशी दोन बोटांत झाड धरलं, डब्याच्या बुडावर दोन चापट्या मारल्या आणि सगळं बाहेर ओढलं. बाहेरची माती लिबलिबीत चिखल. आक्कांनी तो हाताने निपटला, आणि आत निघाला विटेसारखा कडक, तांबूस-काळा गोळा. नर्सरीतून आली ती हुंडी. खिळ्याने टोकरली तर भुगा पडला, कोरडा ठणठणीत. मी इतके दिवस दिवसातून तीनदा पाणी ओतत होते, आणि ज्या एवढ्याशा गोळ्यात झाडाची सगळी मुळं होती तिथवर थेंब पोचला नव्हता. पाणी बाजूच्या मोकळ्या मातीतून खाली जात होतं, साचत होतं, कुजत होतं. गोळ्याबाहेर डोकावलेली चार मुळं त्या कुजक्यात सापडून तपकिरी झालेली. बोटाने ओढलं की साल मोज्यासारखी निघून हातात यायची.

नर्सरीवाला म्हणालाच होता, "माल राजमुंद्रीचा आहे, ताई." तेव्हा मला ते कौतुक वाटलं होतं. राजमुंद्रीजवळचं कडियम हे नर्सऱ्यांचं गाव. आपल्याकडे ट्रकने येणारी कितीतरी फुलझाडं तिकडची असतात. तिथली चिकणमाती गोळा घट्ट धरून ठेवते म्हणून शेकडो मैलांचा प्रवास झाड सुखरूप करतं. मात्र इथं आल्यावर एकदा का तो गोळा वाळला की पाणी शिवून घेत नाही. गंमत म्हणजे ती माती गोदावरीची. आपल्या त्र्यंबकेश्वरला उगम पावलेली नदी समुद्रापाशी जाऊन जो गाळ टाकते, तोच ट्रकमध्ये बसून परत महाराष्ट्रात आला होता. मी हे मोठ्या उत्साहाने आक्कांना सांगितलं.

"असंल," आक्का म्हणाल्या. "बादली आन."

बादलीत पाणी घेऊन हुंडी अलगद आत सोडली. बुडबुडे सुटले. आधी भसाभस, मग एकेक, सोडा फोडल्यासारखे. आक्का पाटावर बसून त्या बुडबुड्यांकडे बघत राहिल्या आणि तेवढ्यात गावातली दोन लग्नं आणि एक वाटणी सांगून झाली. बुडबुडे थांबले तेव्हा हुंडी बाहेर काढली. आता ती बोटाने दबत होती. आक्कांनी झाडूच्या काडीने कडेकडेची माती सैल केली, गोल गोल फिरलेली मुळं हलक्या हाताने उकलली, कुजलेली कात्रीने उडवली. सगळी हुंडी काही फोडली नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "उन्हाळ्यात न्हाई फोडायची. आदीच अर्धमेलं हाय."

मग त्यांचा हात कळ्यांकडे गेला. पाच उरल्या होत्या. मी "आक्का, नको" म्हणेपर्यंत पाचही खुडून झाल्या, आणि वरच्या तीन फांद्यांचे शेंडेही.

"आगं, ज्याला सोताला प्यायला पानी न्हाई त्यो पाच पावन्यांना काय वाढनार?"

हे गणित मला नंतर नीट समजलं. आमच्या घरातला माणूस शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेला, त्यामुळे समजून घेण्याला पर्यायही नव्हता. झाड पाणी पितं ते जाडजूड मुळांनी नाही, त्यांच्या टोकाशी असलेल्या कोवळ्या, केसाएवढ्या तंतूंनी. शेतकरी त्यांना पांढरी मुळी म्हणतो. द्राक्षवाल्याला, उसवाल्याला, टोमॅटोवाल्याला विचारा. पांढरी मुळी चालतेय का, हा त्यांचा पहिला प्रश्न. कुंडी बदलताना तुम्ही कितीही जपा, ही मुळी तुटतेच. वर पानं मात्र होती तेवढीच राहतात आणि उन्हात वाफ सोडत राहतात. आवक बंद, खर्च चालू. म्हणून झाड मान टाकतं. यावर उपाय दोनच, खर्च कमी करायचा आणि मुळी परत फुटेपर्यंत थांबायचं. सावली, छाटणी, कळ्या खुडणं हे सगळं खर्चाच्या बाजूचं. कुंपणाची काठी जगली तीही याच हिशेबाने. अंगात साठा भरपूर आणि वर पान एक नाही.

डीएपीचं ऐकून मात्र आक्का खऱ्या चिडल्या.

"तापानं फणफनलेल्याला पुरनपोळी चारलीस?"

"तुमच्याच थोरल्याने दिलं."

"त्यानं उसाला म्हनून दिलं आसंल."

खत म्हणजे शेवटी क्षार. कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवलं की तासाभरात पाणी सुटतं ना, तेच. मुळाभोवती क्षार वाढले की मुळाने पाणी ओढायचं राहिलं बाजूला, मुळातलंच पाणी ओढलं जातं. पानांच्या कडा करपल्या त्या त्यामुळे. नव्या कुंडीत गेलेल्या झाडाला तीन-चार आठवडे रासायनिक खत दाखवायचं नाही. शेणखत घालायचं तर तेही जुनं, मुरलेलं, मातीसारखा वास येणारं.

आठ इंची मातीची कुंडी आक्कांच्याच मोरीमागून निघाली. हुंडीच्या चारी बाजूंना दोन-दोन बोटं जागा राहील एवढीच. मी वीस लिटरचा डबा घेतला होता तो हौसेने, आणि खरं सांगायचं तर परत परत कुंडी बदलायला नको म्हणून. पण ज्या मातीत मुळंच पोचलेली नाहीत तिच्यातलं पाणी कोण पिणार? ते तसंच राहतं आणि माती आंबते. कुंडी एकेक पायरीनेच वाढवायची असते.

कुंडीच्या भोकावर आक्कांनी खापरी ठेवली आणि वर चांगला चार बोटं खड्यांचा थर घालायला लागल्या. इथं आमचे हे घरातून चष्मा सावरत बाहेर आले. "खडे कशाला, आक्का?"

"पानी निघाया."

"उलट अडतं," हे म्हणाले आणि आत जाऊन भांडी घासायचा माझा नवा स्पंज घेऊन आले. पाण्यात बुडवला, तळहातावर आडवा धरला. टपटप पाणी गळलं आणि थांबलं. "आता बघा," म्हणून तोच स्पंज उभा केला, आणि परत धार लागली. न पिळता, नुसता उभा केल्यावर. बारीक छिद्रांत पाणी धरून राहतं, ते खाली खेचायला उंची लागते. तळाला खडे घातले की मातीची उंची कमी होते, आणि बारीक मातीतलं पाणी मोठ्या खड्यांच्या पोकळीत सहजी उतरत नाही, वरच तुंबून राहतं. म्हणजे ओल्या मातीचा थर खड्यांच्या जाडीइतका वर सरकतो आणि मुळांच्या जवळ येतो.

आक्कांनी स्पंज हातात घेऊन आडवा केला, उभा केला. परत आडवा केला.

"माज्या सासऱ्यानं आयुष्यभर खडे घातले," त्या म्हणाल्या.

"झाडं जगली?"

"जगली की. त्यांच्या हाताला गुन व्हता."

खडे त्यांनी काढले, पण माझ्याकडे न बघता. सासऱ्यांना दोष लागू नये म्हणून मूठभर ठेवलेच. आमचे हे स्पंज तिथेच टाकून विजयी मुद्रेने आत गेले. त्याला लागलेली माती अजून निघालेली नाही.

लाल माती, जुनं शेणखत आणि आक्कांच्या माहेरच्या गिरणीतला भाताचा तूस असं मिश्रण झालं. झाड पूर्वी मातीत जेवढं होतं तेवढंच खोल बसवलं. बुंधा एक बोटही जास्त पुरला नाही. माती हाताने चेपली, धोपटली नाही. एकदा भरपूर पाणी, खालच्या भोकातून वाहेपर्यंत, आणि मग आक्कांनी कुंडी उचलली. कुंपणाच्या फटीतून तिकडे नेली आणि आपल्या मोरीमागे, कढीपत्त्याच्या दाट सावलीत ठेवून वर बांबूची पाटी उपडी घातली.

"आक्का, इकडे चालली असती की."

"तुज्या नजरंसमोर ऱ्हायलं तर मरंल. रातीचं उठून पानी घालशील."

हे खोटं नव्हतं.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. करायला काही नव्हतं, हेच वाईट. रोज कुंपणाशी जाऊन विचारायचं, "कसं आहे?" आणि रोज उत्तर, "हाय." एके दिवशी आक्कांनाच दया आली असावी. भाताचं सांगायला लागल्या. राबातला तरवा उपटून, मुळं धुऊन, मुठी बांधून खाचरात लावला की पहिले आठ दिवस सगळं वावर पिवळं पडतं. हिरवागार राब बघितलेल्या नवख्या माणसाच्या पोटात गोळाच येतो. "आमचा आबा म्हनायचा, लावनी झाल्याव आठ दिस बांधाव जायाचं न्हाई, नजर लागती. नजरबिजर काय नसायची. पोरं बांधाव गेली की पिवळं बघून युरिया फेकत्यात, म्हनून म्हाताऱ्यानं भ्या घातलेलं." आठ-दहा दिवसांनी रोप आपणच सावरतं, हिरवं होतं, फुटवे धरतं. मग खत. वीस-पंचवीस दिवसांचं रोप लावलं तर लवकर सावरतं. जून झालेलं रोप लावलं तर जगतं, पण फुटव्याला हात आखडतं. कुंडीतल्या झाडांचंही असंच असणार. मी बाल्कनीत सगळ्या कुंड्या कधी बदलायचे? दिवाळीच्या सुट्टीत. कारण तेव्हा मला सुट्टी असायची. झाडाची सोय विचारलीच नव्हती. आपल्याकडे याला उत्तम काळ म्हणजे पहिले चांगले दोन पाऊस झाल्यावर. हवेत ओल असते, ऊन मवाळ असतं, पानांचा खर्च आपोआप कमी. तेही फूल-कळी नसताना आणि दिवस कलल्यावर. माझ्या अनंताला यातली एकही गोष्ट मिळाली नव्हती.

इथं मला एक सुचलं आणि मी बोलून बसले, "म्हणजे सुनेसारखंच की हो आक्का. एका घरातून उपटून दुसऱ्या घरात..."

"सुनंला कोन उपटतंय?" आक्कांनी तिथंच तोडलं. "माजी सून पगार घेती, स्कूटर चालवती. तिला कढीपत्त्याखाली पाटी उपडी घालून ठिवू का?" विषय बंद.

त्यापेक्षा समोरच्या भाऊजींचा विषय काढावा, तो दोघींनाही चालतो. त्यांनी तीन वर्षांपूर्वी महाडकडून हापूसचं कलम आणलं. वरंधा घाटाने, मांडीवर धरून, पावसात घाट बंद व्हायच्या आत. मोठा समारंभ करून लावलं. नारळ फोडला. पहिल्या वर्षी कलम वाढलं नाही, दुसऱ्या वर्षीही नाही. मग अचानक बुडातून जोमदार फुटवा आला. भाऊजी खूश. सकाळ-संध्याकाळ पाणी, शेणाचा काला, शेजारीपाजारी दाखवून झालं. आक्कांनी एकदा वाकून बघितलं आणि गप्प बसल्या. मला घरी येऊन सांगितलं, "फुटवा जोडाच्या खालनं हाय. त्यो रायवळ आंबा हाय, हापूस न्हवं." सांगायचं कुणी? शेवटी भाऊजींच्या मेव्हण्याने सांगितलं, भांडण झालं, आणि ईर्षेने कलम खणून काढलं, तेव्हा खाली काय? काळी पिशवी तशीच! आत मुळं शेवयांच्या गुंडाळीसारखी. बाहेर पडायला वाट नाही म्हणून तीन वर्षं स्वतःभोवतीच फिरत बसलेली. वर कलमाचा जोडही मातीत गाडलेला. पिशवी कापायची राहिली कशी, याचं भाऊजींचं उत्तर असं, की नारळ फोडायच्या गडबडीत. आता तिथं दुसरं कलम लावलंय. पिशवी काढलेली मी माझ्या डोळ्यांनी बघितली, त्यांनीच बोलावून दाखवली.

लेकीचा पुण्याहून फोन आला की तिथंही हेच. तिने बाटलीतल्या पाण्यात वर्षभर ठेवलेला मनीप्लँट कुंडीत लावला आणि तो मलूल झाला. मी आता जाणकार असल्याच्या थाटात सांगितलं, की पाण्यात फुटलेलं मूळ नाजूक, ठिसूळ असतं. त्याला पाणी शोधायची सवय नसते. पहिले आठ-दहा दिवस माती ओलसरच ठेव, मग हळूहळू हात आखड. "पण आई, तूच गेल्या आठवड्यात म्हणालीस की जास्त पाणी घालू नको." म्हणाले होते. मनीप्लँटला एक न्याय आणि अनंताला दुसरा, याला इलाज नाही. बोट घालून बघ, एवढंच दोन्हीकडे सारखं.

आक्कांना गावाचा अभिमान फार. एकदा मी म्हटलं, "आक्का, माझं झाड, आणि वाढतंय तुमच्या अंगणात." तर ताठ बसून म्हणाल्या, "कापूरव्हळला ह्ये नवं न्हाई. धाराऊ कुठली? हितलीच." खरंच. 14 मे 1657 ला पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला, सईबाईंना दूध पुरेना, तेव्हा शंभूराजांना पाजायला गडावर गेली ती कापूरहोळच्या गाडे पाटलांची धाराऊ. इथून पुरंदर काही लांब नाही, नारायणपूरच्या रस्त्याला लागलं की समोर दिसतो. पुढे धाराऊचे मुलगे अंतोजी आणि रायाजी शंभूराजांच्या सोबतीला राहिले. आता एका रोपट्याच्या पाठीमागे एवढा इतिहास उभा करावा का, हा प्रश्न मला पडला. आक्कांना पडला नाही.

तेविसाव्या दिवशी, वळवाच्या सरीनंतर, पलीकडून हाक आली. पाटी बाजूला काढलेली. अनंताची जवळजवळ निम्मी पानं गळून गेली होती आणि जी होती ती काही बघण्यासारखी नव्हती. पण छाटलेल्या फांदीच्या बेचक्यात गव्हाच्या दाण्याएवढा, हिरवा, चकचकीत कोंब होता. आक्कांनी तो मला दाखवला नाही. त्या दुसरीकडे बघत दात कोरत होत्या. माझा मलाच सापडू दिला.

त्यानंतरही घाई नाही. पाटी आधी फक्त सकाळी काढायची, मग दिवसभर, मग कुंडी कढीपत्त्याच्या दाट सावलीतून वीतभर बाहेर, आठवड्याने आणखी वीतभर. बोअरचं पाणी जड म्हणून आक्कांनी पन्हळीखाली पिंप लावून पावसाचं पाणी घालायला सुरुवात केली. अनंताला किंचित आंबट माती आवडते, क्षाराच्या पाण्याने त्याची पानं पिवळी पडतात. हे मात्र आमच्या ह्यांनी सांगितलं आणि आक्कांनी ऐकलं. स्पंजाची परतफेड असावी.

आषाढात झाड चांगलं भरलं. मी कुंपणाशी जाऊन म्हटलं, "आता न्यायला हरकत नाही ना?"

आक्कांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी आणलेली खुरपी पाठीमागे लपवली.

"आत्ता कुठं बसलंय. पुन्ना हलवतीस?"

"मग मला?"

"तुला गुटी."

सासवडकडच्या अंजिराच्या मळ्यांत अशा गुट्या त्यांनी बांधलेल्या बघितल्या होत्या. त्या भागातल्या पुरंदरच्या अंजिराला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांदीची बोटभर साल अंगठीसारखी गोल काढायची, उघड्या जागी ओलं शेवाळ दाबायचं, वर प्लास्टिक गुंडाळून दोन्ही टोकं सुतळीने आवळायची. फांदी आईच्या अंगावर असतानाच तिला मूळ फुटतं. मूळ दिसलं की मगच खाली कात्री. तुटणं आहेच, पण मुळी फुटल्यानंतरचं.

शेवाळ नर्सरीतून मी आणलं. चाकू आक्कांचा, सुतळी त्यांची, साल काढली त्यांनी. फांदी धरायचं काम माझं. दोन महिने लागतील म्हणाल्या. अनंत आक्कांकडेच आहे. गुटी बांधून आज एकोणीस दिवस झाले. प्लास्टिकमधून अजून पांढरं काही दिसत नाही.